फाळक्यांच्या घरातला काळोख

आमच्या रोहिणखेडात एक जुनी दगडी मशीद आहे. जाता-येता मी ती लहानपणापासून पाहत आले. पण मन लावून पाहिली ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, आणि तीही बिस्किटांच्या एका गंजलेल्या डब्यात.

डबा आमच्या गल्लीतल्या काकांचा. काकांचे तालुक्याच्या गावी फोटोचे दुकान होते. घरोघरी मोबाइल आले आणि दुकानाला कुलूप लागले. डब्यात पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या नऊ रंगीत स्लाईड होत्या. त्यांतली एक खिडकीसमोर धरून काकांनी मला डोळा लावायला सांगितले. आत आमची मशीद होती, तिच्यामागे भरून आलेले आभाळ होते, आणि समोरून डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या बाईचे लुगडे इतके हिरवेगार होते, की चाळीस वर्षांत त्याला ऊन लागलेच नव्हते.

एवढे सुंदर काम कोणत्या शहरात करून आणले, असे मी विचारले. काका हसले. ती फिल्म त्यांनी स्वतःच्या घरी, न्हाणीत बसून धुतली होती. मुंबईहून रसायने मागवली होती आणि काकू माहेरी गेल्याची संधी साधली होती.

आपल्यापैकी बहुतेकांनी फिल्म हातात धरलेली नाही, तेव्हा थोडे सांगते. साध्या फोटोत आधी उलटे चित्र, म्हणजे निगेटिव्ह, तयार होते आणि त्यावरून कागदावर सुलटे छापतात. स्लाईडचे तसे नाही. कॅमेऱ्यात घातलेली फिल्मच शेवटी चित्र होऊन बाहेर येते. पहिल्या रसायनात उजेड लागलेले कण काळे होतात. हे झाले उलटे चित्र. मग उरलेल्या कणांना जागे करून दुसऱ्या रसायनात घालतात, तेव्हा त्यांच्याभोवती रंग धरतो. फिल्मवर एकावर एक तीन पातळ थर असतात आणि त्यांत पिवळा, किरमिजी व आकाशी असे तीन रंग तयार होतात. त्यानंतर सगळी चांदी धुऊन काढायची आणि नुसता रंग मागे ठेवायचा. हे सारे अडतीस अंश उष्णतेला. पहिल्या रसायनात अर्ध्या अंशाचा जरी फरक पडला, तरी चित्र फिकट नाही तर काळपट होते. काकांची पहिली फिल्म काचेसारखी कोरी निघाली होती. डब्याचे झाकण नीट न बसल्याने आत उजेड शिरला आणि छत्तीसच्या छत्तीस चित्रे त्यानेच खाल्ली.

हे ऐकत असताना मला दादासाहेब फाळके आठवले. खरे म्हणजे आठवला तो स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातला एका ओळीचा प्रश्न. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक कोण, चार पर्याय, एक बरोबर. मी तो कितीतरी वेळा बरोबर सोडवला होता. पण त्या जनकाने आपला पहिला चित्रपट राहत्या घरीच धुतला, हे त्या चार पर्यायांत कोठेच नव्हते. सुट्टी संपल्यावर ग्रंथालयात बसून मी त्यांच्याविषयी वाचू लागले आणि हा लेख त्यातून झाला.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलाने पोथी हाती घ्यावी अशा घरात मुलाने कुंचला घेतला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तेथे प्राध्यापक गज्जर यांनी त्यांचा ओढा ओळखून कलाभवनातील छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा त्यांना वापरू दिली. (शिक्षक असा भेटावा!) तेथूनच ते रतलामला जाऊन तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या शिकले. एकच चित्र तीन ठशांवर वेगवेगळे उतरवायचे, तीन शाईंनी एकावर एक छापायचे, की त्यातून साऱ्या जगाचे रंग उभे राहतात. काकांच्या स्लाईडमधील तीन थरांचे तत्त्व हेच. रंगीत फिल्म घरोघरी जाण्याच्या कितीतरी वर्षे आधी ते या माणसाच्या बोटांत होते, आणि गंमत अशी, की जगाने त्यांना ओळखले ते काळ्यापांढऱ्या चित्रांसाठी.

मधली वर्षे भटकंतीची आणि दुःखाची आहेत. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचे दुकान घातले. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोन्ही गेली. १९०२ साली त्यांचे दुसरे लग्न झाले आणि सरस्वतीबाई घरात आल्या. मग पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकाराची नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना, पुढे तो दादरला. रंगीत छपाईची यंत्रे पाहायला १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला आणि भागीदाराशी पटेना म्हणून तेथूनही ते बाहेर पडले. हातात आलेले सोडून देण्याचा त्यांचा हा स्वभाव पुढेही दिसतो. वाचताना कधी कौतुक वाटते, कधी रागही येतो.

१९११ साली, ईस्टरच्या दिवसांत, गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. सरस्वतीबाईही बरोबर होत्या. पडद्यावर ख्रिस्त चालू-बोलू लागला, तर आपले राम-कृष्ण का नाहीत, या एका विचाराने चाळिशी ओलांडलेल्या त्या बेकार माणसाला झपाटले. त्यानंतरचे सहा महिने त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहण्यात, साध्या कॅमेऱ्यावर प्रयोग करण्यात आणि रात्र-रात्र मेणबत्ती लावून भिंतीवर चित्रे पाडण्यात घालवले. झोप दिवसाकाठी तीन तासांची. डोळे गेले. अगदी दिसेनासे झाले. डॉक्टरांचे उपचार आणि तीन-चार चष्मे यांच्या आधाराने दृष्टी परत आली, आणि आली तशी पुन्हा कामाला जुंपली.

फेब्रुवारी १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी या अनोळखी हिंदी माणसाला आधी परावृत्त करून पाहिले आणि मग सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याकडे नेले. हेपवर्थने आपला कारखाना मोकळेपणाने दाखवला. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कोरी फिल्म यांची मागणी नोंदवून फाळके एप्रिलमध्ये परतले. यंत्रे मे महिन्यात मुंबईला पोहोचली आणि बरोबरच्या आराखड्यावरून चार दिवसांत त्यांनी ती जोडली.

दादरच्या ‘मथुरा भवन’ या बंगल्यात त्यांनी संसार आणि कारखाना एकत्रच थाटला. आवारात काचेची एक खोली, आत डार्करूम आणि फिल्म धुण्याची व्यवस्था. पैसे देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी आधी एक छोटे चित्र केले. कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ रोज त्याचे एक-एक चित्र घेतले. पडद्यावर मिनिटभरात बी रुजले, कोंब वर आला, वेल वाढला. पावसाने ताण दिला की पेरलेले सोयाबीन उगवते की नाही हे पाहायला माझे वडील रोज वावरात जाऊन माती उकरतात. एका मिनिटात उगवणारे रोप त्यांना दाखवले तर ते काय करतील, याचा विचार करून मला हसू आले. मुंबईच्या सावकारांनी मात्र ते पाहून कर्ज दिले.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगते.

त्या काळची कोरी फिल्म कडेला भोके नसलेली, सरळ पट्टी अशी येत असे. कॅमेऱ्याच्या आणि पडद्यावर दाखवण्याच्या यंत्राच्या दात्यांत ती बसावी म्हणून दोन्ही काठांना भोके पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली. हे काम सरस्वतीबाई करीत. ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा होता. चित्रपटाच्या एका फूट फिल्मवर सोळा चित्रे असतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही काठांवर चार-चार भोके. मी वहीत गुणाकार केला. एका फुटाला १२८, म्हणजे सबंध चित्रपटाला ४,७३,६०० भोके. एक भोक तिरके पडले तर पडद्यावर चित्र थरथरणार. आणि हा हिशेब एकाच प्रतीचा आहे. मूळ निगेटिव्ह वेगळी, फुकट गेलेली फिल्म वेगळी.

भोके पाडणे ही तर सुरुवात. रसायने मोजून मिसळणे आणि चित्रित झालेली फिल्म धुणे हेही त्या शिकल्या. चित्रण सूर्यप्रकाशात चाले, म्हणून दिवस चित्रणाचा आणि रात्र फिल्मची. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, त्यामुळे धुताना तांबडा दिवा तरी लावता येई. रंगीत फिल्मला तीही सवलत नाही. रसायन ऊन झाले तर फिल्मवरचा थर मऊ पडून सुरकुततो आणि थंड झाले तर चित्र नीट उमटत नाही. शिवाय फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली तर भडकणारी. अशी वस्तू मुलाबाळांच्या घरात. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, त्यांचे कपडे धुणे, चित्रणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभे राहणे, हे सगळे त्यांच्याकडेच. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी त्यांनाही विचारून पाहिले. त्यांनी नकार दिला. आधीच इतकी कामे अंगावर असताना ते कसे जमणार होते? शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

अंधारात काम करणे म्हणजे काय, हे मला काकांच्या घरी कळले. फिल्म धुण्याआधी ती एका प्लॅस्टिकच्या चक्रीवर गुंडाळावी लागते. चक्रीत गोलगोल खाचा असतात. एक फेरा खाचेतून निसटला तर फिल्म फिल्मला चिकटते आणि तेवढ्या जागी रसायन पोहोचत नाही. काकांनी वाया गेलेली एक फिल्म मला सरावाला दिली. गोधडीखाली हात घालून, डोळे मिटून मी तीन संध्याकाळी खटपट केली. उजेडात सोपे वाटणारे काम अंधारात बोटांना ओळख देत नव्हते. चौथ्या दिवशी माझी माय मला बोलवायला आली. काकांनी गमतीने चक्री तिच्या हाती दिली. माय चौथीपर्यंत शिकलेली. तिने गोधडीखाली हात घातले, काकूंशी कांद्याच्या भावाविषयी बोलत राहिली आणि पहिल्याच खेपेला फिल्म बिनचूक गुंडाळून दिली. वाती वळणे, सुईत दोरा ओवणे, लाइट गेल्यावर चाचपून चूल पेटवणे, हे सारे करीत आलेले ते हात. तिला त्याचे काहीच वाटले नाही.

तेव्हापासून फाळक्यांच्या घराचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर आधी सरस्वतीबाई येतात.

एक गोष्ट मात्र मनात खुपत राहते. कर्ज पुरेना तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. चरित्रांतून हा प्रसंग त्यागाचा म्हणून सांगितला जातो आणि पुढच्या पानावर चरित्र पुढे जाते. मला ते पान उलटवत नाही. मी बारावी झाले तेव्हा माझ्या शिक्षणासाठी मायच्या गळ्यातली पोत बँकेत तारण ठेवली गेली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. पोत अजून सुटलेली नाही. सणासुदीला माय काळ्या मण्यांवर भागवते आणि कोणी विचारले तर गुंफायला टाकली आहे असे सांगते. म्हणून मला विचारावेसे वाटते, की चित्रपट चालला नसता तर? मोठ्या माणसाचे धाडस आपण त्याच्या नावावर जमा करतो, पण ते बुडाले असते तर ते कोणाच्या गळ्यावरून उतरले असते? वर्गात एका मित्राशी यावरून माझा वाद झाला. त्याचे म्हणणे असे, की त्या स्वखुशीने देत होत्या. असतीलही. माझी मायही स्वखुशीनेच देते. खुशीने दिलेल्याची नोंद ठेवायचीच नाही, असा काही नियम आहे का?

फाळक्यांवर हा आरोप नव्हे. यंत्राची आणि रसायनांची विद्या त्यांनी पत्नीपासून राखून ठेवली नाही, घरातच वाटली, हे त्या काळात थोडे नाही. सिनेमात काम करणे कमीपणाचे म्हणून नटांनी घरी हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगावे, असे त्यांनी सुचवले होते. एका अर्थी ते खरेच होते. कारखान्यातली सगळ्यांत जास्त तास काम करणारी कामगार त्यांच्या स्वयंपाकघरात होती, इतकेच.

सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया चित्रगृहात निमंत्रितांपुढे आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला गेला. घरात धुतलेली ती ओली पट्टी लोकांपुढे गेली आणि लोकांना ती आवडली. पुढचे सर्वांना माहीत आहे.

त्याच वर्षी फाळके नाशिकला आले. १९१७ च्या ‘लंकादहन’ने अमाप पैसा मिळवला. १९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे चित्रपट तिचेच. ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. मग पुन्हा भागीदारांशी बेबनाव, काशीला जाऊन नाटक लिहिणे, पुन्हा परत येणे. बोलपटाचा जमाना आला आणि त्यांच्या हातातली विद्या जुनी ठरली. १९३७ साली कोल्हापूरला ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट त्यांनी केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले तेव्हा चित्रपटधंदा त्यांना जवळजवळ विसरला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज पुण्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेले आहे. फाळक्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लहान चित्रपटही केला होता. त्यात ते स्वतः काम करताना, फिल्म पाहताना दिसतात. भोके पाडण्याचे यंत्र चालवणारे हात त्या काळोखात कोणी चित्रित करणे शक्यच नव्हते.

काकांच्या कपाटात मुदत संपलेला स्लाईडचा एक रोल अजून शिल्लक आहे. त्यांनी तो मला दिला. दहा चित्रे मशिदीची काढून झाली, काही वडिलांची वावरातली, आणि दोन मायची, तिला न सांगता. जुन्या रोलचे रंग कसे निघतील याची काकांना खात्री नाही. रसायने मागवण्यासाठी मी थोडे-थोडे पैसे बाजूला टाकते आहे. पाणी अडतीस अंशांवर कसे धरून ठेवायचे ही काळजी होती. पण काकांनी तोडगा काढला आहे. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी आपोआपच तेवढे तापते. न्हाणीच्या झरोक्याला बाहेरून पोते बांधायचे, आत माय चक्रीवर फिल्म गुंडाळणार, मी घड्याळ धरणार. परीक्षा संपायला अजून दीड महिना आहे.